कुमुदबायची केसाएवढी नळी

कुमुदबाय भित्र्या होत्या, आणि ते त्या कुणापासून लपवत नसत. म्हापशाच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या. मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतली यंत्रं दुरुस्त करायचो. त्यांचं गाव डिचोलीजवळचं सर्वण, माझं पेडणं. कुत्रं दिसलं की बाय रस्ता बदलत. बसमध्ये ड्रायव्हरच्या पाठीमागेच बसत आणि वळणावर त्याने एक हात सोडला की म्हणत, "बाबा, दोनय हात धर रे." विजा चमकायला लागल्या की शिकवणं थांबवून खुर्चीत पाय वर घेऊन बसत. मुलं हसायची. बाय त्यांना म्हणायच्या, "हसा, हसा. तुमच्या वाट्याचं पण मीच भियतंय."

त्यांची एक सवय मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. धोक्याचं काही करायचं असलं, तीव्र आम्ल ओतायचं असलं, तर आधी स्टुलावर बसायच्या. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरायच्या आणि त्या बाटलीकडे टक लावून बघत राहायच्या. कुणी मध्येच बोललं तर, "थांबात. भिवन घेतंय," म्हणायच्या. दोन मिनिटं, कधी दहा. मग उठायच्या आणि ओतायच्या. एक थेंब सांडत नसे. मी एकदा विचारलं, त्या वेळात काय करता? म्हणाल्या, "जा जा वायट होवू शकता ता सगळा मनात होवू देतंय. मगे हातांक थरथरण्यासारखा काय उरणा नाय."

मला ते तेव्हा विनोदीच वाटलं होतं.

एका दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि चिमटीत धरलेलं काहीतरी माझ्यासमोर धरलं. मला काही दिसेना. खिडकीशी जाऊन जनेलाच्या उजेडात बघितलं तर मासे गरवायच्या तंगुसासारखा पिवळसर धागा.

"तंगूस न्हय, काच," बाय म्हणाल्या. "आतून पोकळ असा. भोक केसाएवढा."

मुंबईतल्या एका औषध कंपनीत त्यांचा जुना विद्यार्थी होता. तिथे मोडून पडलेल्या नळ्यांचे तुकडे त्याने टपालाने पाठवले होते. बायनी एका परदेशी मासिकात वाचलं होतं की अशा नळीत खारं पाणी भरायचं, दोन टोकं दोन कुप्यांत बुडवायची, आणि विजेचा दाब दिला की आतले पदार्थ आपापल्या विद्युतभाराप्रमाणे वेगळे होत पुढे सरकतात. थेंबाचा हजारावा हिस्सासुद्धा पुरतो.

"किती व्होल्ट?" मी विचारलं.

"पंधरा हजार."

मी नळी त्यांच्या हातात परत दिली. बाय स्टुलावर बसल्या, हात मांड्यांखाली घातले. "राऊळबाब, तुमकाय भियाचा असात तर बसा. मगे सुरू करूया."

आम्हाला सुरू करायला सहा महिने लागले. मोडक्या टीव्हीचे भाग जमवून मी दाब वाढवणारी पेटी बनवली. प्राचार्य एकदा येऊन बघून गेले. "कॉलेज जाळू नका म्हणजे झालं," एवढंच म्हणाले आणि मागची सामानाची खोली दिली. बायनी तिच्या जनेलांना काळं कापड ठोकलं. नळीवरचं पिवळं कवच स्पिरिटच्या दिव्यावर एका जागी तांदळाच्या दाण्याएवढं जाळलं, तिथे आतली काच उघडी झाली. त्या जागेवर सूक्ष्मदर्शक बसवला आणि बाजूने जांभळ्या किरणांचा दिवा. त्यांना जे शोधायचं होतं ते त्या किरणांत लाल चमकतं.

त्याचं नाव पॉर्फिरिन. माझ्यासारख्याला समजावं म्हणून बाय सांगायच्या, "आपल्या रक्ताचा तांबडा रंग करताना शरीर आधी ही वस्तू करता. तिका हात असतत. कोणाक चार, कोणाक आठ. हरेक हातार ऋण भार. नळीतला पाणी सगळ्यांक फुडे ढकलता, वीज त्या हातांक धरून मागे ओढता. चार हातांचो लवकर सुटता. आठ हातांचो सगळ्यांच्या मागसून येता." निरोगी माणसाच्या लघवीत दोन्ही जेमतेम असतात. शिसं पोटात गेलं, यकृत बिघडलं, तर चार हातांचा वाढतो. आठ हातांचा वाढला, तर मात्र माणसाच्या घराण्यातच खोट असते.

हे सगळं त्या कशासाठी करत होत्या ते मला माझ्या चुकीमुळे कळलं. एकदा पेटी बंद केल्यावर मी तार सोडवायला गेलो. आत साठलेला भार उतरायचा होता, ते मी विसरलो. पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी भिंतीला टेकून बसलो होतो, उजवा हात खांद्यापासून माझा नव्हता, आणि बाय माझ्यापुढे जमिनीवर बसून माझी नाडी धरून मोजत होत्या. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. मोजून झालं तेव्हा त्यांनी काचेच्या कोपात पाणी आणलं, मला पाजलं, उरलेलं स्वतः प्यायल्या. मग तिथेच बसून म्हणाल्या, "माझी बहीण अशीच माझ्या फुड्यात भिंतीक टेकून बसलली. तिकाय नाडी होती, पण हात उचलूक येय नव्हते."

थोरली बहीण शांता पेडण्यात दिली होती. गोवा मुक्त होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. तिला पोटात कळा येऊ लागल्या, इतक्या की गडाबडा लोळायची. पेडण्याच्या डॉक्टरने आंत्रपुच्छ म्हणून पणजीला पाठवलं. भूल देऊन पोट उघडलं, आत काही वाईट नव्हतं, शिवून टाकलं. पण शुद्धीवर आल्यापासून शांता भलतंच बोलू लागली. घरचे म्हणाले, बाहेरचं लागलं. मग पाय गेले, मग हात. मग श्वास. कुमुदबाय तेव्हा बी.एस्सी.च्या वर्गात होत्या आणि बहिणीच्या खाटेशी बसलेल्या होत्या. खाटेखालचं भांडं नेणारी आया म्हणाली होती, हिची लघवी जनेलात ठेवली तर लाल वायनासारखी होते.

"त्या आयेन सांगितला, आणि कोणी आयकूक नाय. मीय आयकूक नाय," बाय म्हणाल्या. "धा वर्सांनी पुस्तकात वाचलंय. त्या रोगाक भुलीचा इंजेक्शनच विख."

शांताची मुलगी विजया आईच्या मृत्यूच्या वेळी वर्षाची होती. रोग घराण्यातून उतरतो. बायनी लग्न केलं नाही, त्याचं कारण मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून मी नियम केला: पेटीपाशी काम करताना डावा हात पाठीमागे. एका हाताने धक्का बसला तर छातीतून जात नाही. बायनी तो नियम इतका अंगी बाणवला की शुक्रवारच्या बाजारात बांगडे निवडतानासुद्धा त्यांचा डावा हात पाठीशी पदरात खोचलेला असे. कोळणी विचारायच्या, "बाय, कंबर दुखता गो?"

नळी चालू लागल्यावर पहिला उपयोग झाला तो एका परक्या माणसाला. कुडाळकडचा तुकाराम, डिचोलीच्या खाणीवर ट्रकवर हमाली करायचा आणि फावल्या वेळात जुन्या बॅटऱ्या फोडून आतलं शिसं वितळवायचा. त्याला पोटशूळ उठायचा आणि मनगटं लोंबू लागली होती. घरच्यांनी दोन ठिकाणी देवापुढे गाऱ्हाणं घातलं होतं. त्याची बायको आमच्या शिपायाच्या नात्यातली; ती रडत बाटली घेऊन आली. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेल्या बायना बघत होतो. त्या अंधारात श्वाससुद्धा जपून घेत होत्या. चार हातांचा लाल ठिपका आला, मोठा. मग त्या वाट बघत राहिल्या, अर्धा तास, आठ हातांचा आला नाही.

बाहेर येऊन त्या भिंतीला टेकल्या. "शिसां," म्हणाल्या. आणि त्या बाईला, "बॅटऱ्यो बंद कर म्हणून सांग. तो बरो होतलो. आणि हो कागद डॉक्टराक दी." ती गेल्यावर मला म्हणाल्या, "आठ हातांचो आयलो असतो तर तिका काय सांगलंय असतंय?"

तुकाराम बरा झाला. कॉलेजात चार जणांनी बायचं कौतुक केलं. त्या कुणाकडे बघत नव्हत्या. विजया तेव्हा एकोणीस वर्षांची होती, आणि हा रोग साधारण त्याच वयात डोकं वर काढतो, हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

मग भाषेच्या आंदोलनाचे दिवस आले. कोंकणी की मराठी यावरून सगळा गोवा पेटला होता. रस्त्यांवर झाडं पाडलेली, पुलांवर दगड, बसगाड्या बंद, कॉलेज बंद. म्हापशात माझ्या शेजारच्या घरांत, जिथे कालपर्यंत एकमेकांकडे विरजण मागायला जात होते, तिथे दारं लोटलेली. अशा एका सकाळी कुमुदबाय माझ्या दारात उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे सायकल धरून विजयाचे वडील, सदाशिवभाऊ. पेडण्याच्या बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान. पहाटे निघून आडवाटांनी सायकल हाकत आले होते. सदरा घामाने अंगाला चिकटला होता. हँडलला काळ्या कागदात गुंडाळलेली बाटली लटकत होती. लघवी उजेडापासून जपून आणायची हे बायनी त्यांना कधीच सांगून ठेवलेलं होतं.

"तीन दिस झाले पोट धरून लोळता," सदाशिवभाऊ म्हणाले. "कालपासून भिंतीर माणसां दिसतत म्हणता. आज एकदा आकडी येवन गेली. डॉक्टर म्हणता, धनपारापर्यंत बघीन, मगे झोपेचा इंजेक्शन दितलंय. म्हापशात न्हेवूक रस्तो नाय."

मी म्हटलं, "बाय, मग वाट कसली बघताय? ते भुलीच्याच जातीचं इंजेक्शन, देऊ नका म्हणून निरोप द्या."

बाय माझ्याकडे वळल्या. मी त्यांचे डोळे तसे कधी बघितले नव्हते. "आणि तो रोग नसलो तर? साधी मेंदूची आकडी असली आणि माझ्या सांगण्यान इंजेक्शन थांबवला तर? मगे माझ्या हातान मरतली." त्या भाऊजींना म्हणाल्या, "तुमी जावा परत. धनपारापर्यंत त्यांका थांबवा, पायां पडा, काय करा. आमी तपासून येतो."

दुपारच्या आत पोचायला हवं म्हणून सदाशिवभाऊ पाणीसुद्धा न पिता सायकलवर बसले.

कॉलेजच्या मागच्या फाटकाची किल्ली माझ्याकडे होती. बायनी अर्धी लघवी दुसऱ्या बाटलीत ओतून उन्हात जनेलावर ठेवली. एका थेंबात औषध घातलं, ते गुलाबी झालं. मला वाटलं झालं. "गुलाबी दुसऱ्यानय होता," त्या म्हणाल्या. "नळी लावा."

मी पेटी जोडली. त्या दिवशी त्या स्टुलावर बसल्या नाहीत. भ्यायला वेळ नव्हता, आणि त्यामुळे पहिल्यांदाच मी त्यांचे हात कापताना बघितले. नळीचं टोक कुपीत जाईना. दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा मी त्यांचं मनगट धरलं आणि टोक आत गेलं. दाब दिला. पेटी गुणगुणू लागली. मी घड्याळ धरलं, त्यांनी डोळा लावला.

आंदोलनामुळे वीज धड नव्हती. चौथ्या मिनिटाला दिवा मंद झाला आणि गुणगुण खाली आली. मी पेटीवर वाकून देवाचं नाव घेत होतो, डावा हात पाठीशी. वीज परत आली. नवव्या मिनिटाला बाय पुटपुटल्या, "चारांचो गेलो. बारको." मग काही नाही. बाहेर कुठेतरी घोषणा ऐकू येत होत्या, जवळ येत होत्या की लांब जात होत्या ते कळत नव्हतं. बारा. चौदा. मला मनातून वाटायला लागलं, येणार नाही, आता येणार नाही.

सोळाव्या मिनिटाला बायचा मोकळा हात हवेत वर गेला आणि तसाच राहिला.

"काय?"

"आयलो." डोळा न हलवता त्या म्हणाल्या, "सरणा नाय मरे. केवढो हो." त्यांनी डोळा काढला आणि मला बघायला सांगितलं. काळोखात त्या तांदळाएवढ्या जागेत लाल उजेड भरून राहिला होता, राखेआडच्या निखाऱ्यासारखा. इतकं सुंदर काही मी त्या खोलीत बघितलं नव्हतं. मी पेटी बंद केली.

जनेलावरच्या बाटलीचा रंग तोवर वायनासारखा झाला होता.

माझ्या स्कूटरवर आम्ही निघालो. बायनी दोन्ही बाटल्या पदरात घट्ट धरल्या होत्या. कोलवाळच्या अलीकडे रस्त्यावर फणसाचं झाड आडवं पाडलेलं. पंधरा-वीस जण, हातात दांडे, कोयते. आदल्या दिवशी तिथे एक स्कूटर जाळलेली. तिचा सांगाडा कडेला पडला होता.

"खंय चल्ल्यात? कोंकणी काय मराठी?"

मी काही बोलायच्या आत चौकड्यांच्या शर्टातल्या एकाने बायच्या पदरातली बाटली हिसकली. काळा कागद बघून ओरडला, "पेट्रोल! पेट्रोल घेवन चल्ल्यात हीं!" सगळे जवळ सरकले. एकाने माझ्या स्कूटरची किल्ली काढून घेतली. मी स्कूटर स्टँडवर लावली.

बाय त्या आडव्या फणसावर बसल्या. दोन्ही हात मांड्यांखाली घातले. म्हणाल्या, "माका भंय दिसता. वाईच थांबा."

ते लोक थांबले. कशाला थांबले ते त्यांनाही कळलं नसावं. दांडे हातात धरून बघत राहिले. बाय त्या चौकड्याच्या शर्टाकडे, कोयत्यांकडे, जळक्या सांगाड्याकडे एकेक करून बघत होत्या, आणि मला माहीत होतं की आमचं काय काय होऊ शकतं ते सगळं त्या क्रमाने होऊ देत होत्या. मग उठल्या.

"उघड ती बाटली. वास घे," त्या म्हणाल्या. "माझ्या भाचीचो मूत असा तो. एकोणीस वर्सांची पोर. तिची आवय असोच तांबडो मूत करून मेली, कारण डॉक्टराक कोणी सांगूक नाय. माका धनपाराच्या आदी पेडण्यात पावूक होया. मगे माका कोंकणी विचार, मराठी विचार, सगळां सांगतंय."

त्याने बूच काढलं होतं. त्याने ते परत लावलं, बाटली दोन्ही हातांनी धरून बायच्या हातात दिली आणि हात शर्टाला पुसले. कुणी हसलं नाही. चौघांनी स्कूटर उचलून झाडापलीकडे ठेवली. किल्ली देताना एक म्हातारा म्हणाला, "पुलार फातर असत, सांबाळून."

धारगळला दुसऱ्या बाजूचे लोक होते. तोच प्रश्न, उलट उत्तराची वाट बघणारा, आणि बोली तीच. तिथे बाय मागच्या सीटवरून नुसत्याच ओरडल्या, "पोर मरता रे माझी!" वाट मोकळी झाली.

दवाखान्यात पोचलो तेव्हा विजयाला दोघींनी खाटेला दाबून धरलं होतं. केस तोंडावर आलेले, ओठ चावून रक्त आलेलं. ती मावशीला ओळखत नव्हती. सदाशिवभाऊ दारातच उकिडवे बसले होते. म्हातारे डॉक्टर सिरिंज भरून उजेडात धरून बघत होते.

"डॉक्टरबाब, ता देव नकात," बाय म्हणाल्या.

"तुमी डॉक्टर?"

"नाय. रसायन शिकयतंय."

"मग बाजूक व्हा. परत आकडी इली तर हातातून जातली."

बायनी दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या, एक फिकी, एक काळपट लाल. "एकाच पोरीची असा. एक अंधारात, एक उन्हात. मी नळीतसून वेगळा करून बघलंय, आठ हातांचो ठिपको आयलो." मग आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "शांताची चली ही, डॉक्टरबाब. शांता तुमकां आठवता काय?"

डॉक्टरांचा हात तसाच राहिला. शांताला पणजीला पाठवणारे डॉक्टर तेच होते. मोकळ्या हाताने त्यांनी ती लाल बाटली उचलून उजेडात धरली. मग त्यांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि ट्रे पुढे ढकलला.

"काय देवचां सांग," ते म्हणाले. वीस वर्षांनी लहान बाईला त्यांनी विद्यार्थ्यासारखं विचारलं.

"ग्लुकोज. शिरेतसून, जितक्या असा तितक्या. आणि झोपेचा काय नाका. सल्फा नाका."

दवाखान्यात ग्लुकोजच्या चार बाटल्या होत्या. डॉक्टरांनी स्वतः जाऊन औषधाच्या दुकानाचं बंद दार ठोठावलं, आणखी आणल्या. दुपारभर बाय विजयाची बोटं एकेक करून हलवून बघत होत्या. पाय चालत होते. उजवं मनगट लोंबू लागलं होतं. दर थोड्या वेळाने त्या म्हणायच्या, "विजू, श्वास मोज. मोठ्यान मोज." विजया कधी मोजायची, कधी मावशीला शिव्या द्यायची. शिव्या दिल्या की बायच्या तोंडावर हुरूप यायचा. शिव्या द्यायला श्वास लागतो.

दोन दिवसांनी रस्ते उघडले आणि तिला पणजीच्या मोठ्या इस्पितळात नेलं. ती वाचली. मनगट सरळ व्हायला वर्ष गेलं. म्हातारे डॉक्टर त्यानंतर दोनदा म्हापशाला आले, सामानाच्या खोलीत बसून त्या नळीकडे बघत राहिले.

पुढच्या वर्षी गोवा घटक राज्य झालं. कॉलेजात पेढे वाटत होते तेव्हा बाय काळ्या पडद्यांमागे घराण्यातल्या सगळ्यांचे नमुने तपासत होत्या. भाऊ, भावाची मुलं, चुलत बहिणी. आठ जण झाले. मी एकदा म्हटलं, "आणि तुमचा?" त्या नळी धूत होत्या. म्हणाल्या, "माझा भियाचा अजून पुरा होवूक नाय."

काही आठवड्यांनी मी सकाळी पेटीची तार बदलायला गेलो. वही उघडी होती. आठव्या नोंदीखाली त्यांच्या सरळ अक्षरात एक नवी ओळ होती, नाव नव्हतं. "नमुना नववा. चार: किंचित. आठ: आहे." मी वही होती तशी ठेवली. त्या दिवशी बायनी मला उंडे पाव आणि भाजी खायला घातली. त्यांना तो रोग आयुष्यात कधी उठला नाही, निदान मी ओळखत होतो तोवर. पण ताप आला तरी गोळी घेण्याआधी त्या पुडीवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचत.

निवृत्त होऊन त्या सर्वणला भावाकडे राहायला गेल्या. मी त्यांना शेवटचं बघितलं ते विजयाबरोबर गेलो तेव्हा. विजयाचं लग्न फार उशिरा झालं होतं, मुलगी दहा महिन्यांची होती. लग्नाआधी बायनी नवऱ्या मुलाला समोर बसवून सगळं सांगितलं होतं, आणि तो तरीही तयार झाला होता. दिवसभर बाय नातीला मांडीवर घेऊन बसल्या. तिच्या बोटांत बोट घालून ती किती घट्ट धरते ते परत परत बघत होत्या. एकदा मला म्हणाल्या, "हिका असा काय नाय ता आताच कळाचा नाय. मोठी होवूक होयी." मग, "तेदना मी नसतलंय."

निघताना घाई झाली. बस फाट्यावर हॉर्न वाजवत होती. आम्ही पळत जाऊन चढलो, बस सुटली, आणि मागून कुणीतरी ओरडलं. मी जनेलातून डोकं काढलं. बाय धावत येत होत्या. साठीची बाई, चप्पल एकाच पायात, आणि शेजारून खनिजाचे ट्रक तांबडी धूळ उडवत चाललेले. कंडक्टरने शिट्टी मारली, बस थबकली. बायनी जनेलाकडे हात वर केला. हातात पुठ्ठ्याचं एक कार्ड होतं, दोऱ्यात ओवलेलं. छोट्या अक्षरात न चालणाऱ्या औषधांची यादी आणि वर नातीचं नाव.

"हा विसरलंस," त्या धापा टाकत म्हणाल्या. "हा तिच्या गळ्यात बांध. शाळेत घाल तेदना तिच्या बाईंक दाखय. आजारी पडली तर डॉक्टराक आदी हा दाखय, मगे पोर दाखय."

"व्हय गे मावशे," विजया म्हणाली. तिने कार्ड घेतलं.

बस हलली. बाय रस्त्यात तशाच उभ्या होत्या, पाठोपाठच्या ट्रकची धूळ त्यांच्यावर बसत होती. त्या बाजूला झाल्या नाहीत. त्यांचं तोंड हलत होतं. इंजिनच्या आवाजात शब्द काही ऐकू येत नव्हते. माझ्या शेजारी विजया मुलीच्या डोक्यावर हनुवटी टेकून, मागे बघत, ओठांतल्या ओठांत म्हणत होती, "फेनोबार्बिटोन. थायोपेंटोन. सल्फा..."